पाण्याची वाट लावा

थेंबे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं चार अक्षरी आणि भारदस्त आहे, दारावरच्या पाटीवर पितळी अक्षरांत झळकतंय. पण एकदा कारखान्यातल्या मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून त्यांनी जाहीर केलं, "माझ्या सीलमधून एक थेंब जरी आत आला, तर नाव बदलून टाकीन!" लोकांनी थेंब येण्याची वाट पाहिली नाही. दुपारच्या चहापर्यंत नाव बदलून झालं होतं.

हे सील म्हणजे काय, तर मोटारीच्या छताला जी उघडझाप करणारी काचेची खिडकी असते, जिला सनरूफ म्हणतात, तिच्या कडेनं बसवलेली रबराची पट्टी. बहुतेक माणसांनी तिच्याकडे आयुष्यात एकदाही पाहिलेलं नसतं. थेंब्यांनी एकवीस वर्षं दुसऱ्या कशाकडे पाहिलं नव्हतं. तिचा आकार, तिचा फुगवटा, तिच्या ओठाचा बाक, सगळं त्यांच्या हातचं. नातेवाइकांत कुणी सहज हवापाण्याचा विषय काढला, तरी थेंबे खुर्ची पुढे ओढून रबरावर यायचे आणि मग नातेवाईक एकेक करून स्वयंपाकघरात काही मदत हवी का ते बघायला जायचे. स्वतःची गाडी घेताना त्यांनी मुद्दाम सनरूफवालीच घेतली. त्या खिडकीतून डोकं बाहेर काढायची हौस घरात कुणालाच नव्हती. पण तिला लावलेली पट्टी थेंब्यांची होती, आणि आपल्याच डोक्यावर आपलंच काम असावं, असं कोणाला वाटणार नाही?

तर रविवारी दुपारी सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून ते परत येत होते. शेजारी आप्पा, मागे बायको. पाऊस दोन दिवस लागून राहिला होता. सिग्नलला गाडी थांबली आणि आप्पांच्या टकलाच्या बरोबर मध्यभागी एक थेंब पडला.

आप्पांनी वर पाहिलं. खिशातून रुमाल काढला, टक्कल पुसलं, रुमालाची घडी घालून तो परत ठेवला. दुसरा थेंब पडला. आप्पांनी पुन्हा वर पाहिलं, पुन्हा रुमाल काढला आणि या वेळी तो डोक्यावरच पसरून ठेवला. बोलले काहीच नाहीत. छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस, नळासारखा ठरलेल्या वेळीच सुटायचा. पण माणसानं चार शब्द सुनावावेत, असा रुमाल ठेवू नये, असं थेंब्यांना फार वाटलं.

"अहो, तुमचं सील गळतंय," मागून बायको म्हणाली.

"सील गळत नसतं," थेंबे म्हणाले. "पत्रा गळेल, काच गळेल. सील गळत नसतं."

"मग आप्पांच्या डोक्यावर काय पडतंय, कौतुक?"

एरवी गोष्ट इथेच हसण्यावारी गेली असती. पण शुक्रवारी आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी नुकतंच बोट नाचवत बजावलं होतं, "नंतर डोळ्यात पाण्याचा थेंबसुद्धा जाता कामा नये. थेंबसुद्धा!" डॉक्टरांनी हा शब्द दोनदा उच्चारला तेव्हा थेंब्यांना उगीचच आपल्याला हाक मारल्यासारखं वाटलं होतं.

"शुक्रवारी मी टॅक्सी सांगते," बायको म्हणाली.

टॅक्सी! थेंब्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षांपूर्वी मुलगी देताना आप्पांनी एकच प्रश्न विचारला होता, "रबराचं काम? टिकतं का?" त्या प्रश्नाचं उत्तर थेंबे अजून देत होते. आणि आता उत्तर जवळपास पटलंय असं वाटत असताना आप्पा टॅक्सीनं जाणार?

"काही टॅक्सी नको," ते म्हणाले. "शुक्रवारी आप्पा याच गाडीतून जातील आणि याच गाडीतून कोरडे परत येतील."

रुमालाखालून आप्पा म्हणाले, "बघा."

हे 'बघा' मोठं वाईट असतं. त्यात होकार असतो, नकार असतो, आणि आपण काय बघायचं ते आपल्यालाच शोधावं लागतं. थेंब्यांना त्या दिवशी एका जागी बसवेना. जेवताना ते दोनदा उठून खिडकीतून गाडीकडे बघून आले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा बायकोनं त्यांचं ताट झाकून ठेवलं.

सोमवारी सकाळी ते सर्व्हिस सेंटरवर हजर. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे ओढला. "तक्रार कशाची? आवाज, वास की थरथर?"

"थेंब."

"थेंब असा रकाना नाहीये, काका."

'काका' हा शब्द गिळून थेंब्यांनी समजावलं की ते स्वतः याच विषयातले तज्ज्ञ आहेत. मुलीनं 'इतर'समोर खूण केली, शेरा म्हणून 'ग्राहक तज्ज्ञ आहे' असं लिहिलं आणि सांगितलं, "कंपनीकडे पाठवते. त्यांचा अभिप्राय आला की फोन करू."

घरी आले तर खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक गाडीपाशी उभे. बायकोनं त्यांच्या बायकोला सांगितलं होतं, म्हणजे आता इमारतीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. "मेणबत्ती चोळा," मुख्याध्यापक म्हणाले. "नाहीतर साबण. ओला नको, कोरडा. आणि गाडी नाक वर करून लावत जा. माझ्या मेव्हण्याचीही अशीच गळायची. त्यानं सरळ अख्खं छत रंगवून घेतलं."

"थांबलं गळायचं?"

"नाही. पण रंग छान दिला होता."

मंगळवारी थेंबे कारखान्यात आपल्या टेबलाशी जाऊन बसले, तर समोर एक नवा कागद. 'सनरूफमधून गळती. सील विभागाचा अभिप्राय द्यावा.' एकवीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात आपोआप चालला: 'सीलमध्ये दोष नाही. ग्राहकाची हाताळणी तपासावी.' सही करायला पेन टेकवलं आणि वर ग्राहकाच्या नावाकडे लक्ष गेलं. ते चार अक्षरी भारदस्त नाव त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

त्यांनी कागद घाईघाईनं खणात सरकवला. पण त्याच तक्रारीची एक प्रत वरच्या मजल्यावर निचरा विभागाला गेली होती, आणि तिथल्या बाई जिना उतरून येत होत्या.

या बाई आणि थेंबे यांचं भांडण नव्हतं, भांडायला संबंध असावा लागतो. नकाशावर रबर जिथे संपतं तिथे थेंबे एक तुटक रेघ मारत आणि लिहीत, 'पलीकडचं दुसरा विभाग बघेल.' बाई आपल्या नकाशावर तीच तुटक रेघ मारत आणि लिहीत, 'अलीकडचं दुसरा विभाग बघेल.' मीटिंगमध्ये मात्र बाई दर वेळी एकच गोष्ट सांगत. थोडं पाणी सीलमधून आत येणारच हे धरून चालायचं, सीलखालच्या पन्हळीत ते गोळा करायचं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी बाहेर सोडायचं. थेंब्यांना हे ऐकताना, घराला कुलूप लावत असताना कुणी चोरासाठी मागचं दार उघडं ठेवायला सांगावं, तसं व्हायचं.

"थेंबे, ही कुणाची गाडी हो?" बाईंनी विचारलं. प्रतीवर नशिबानं नाव नव्हतं, नुसता गाडीचा नंबर होता. थेंबे या हाकेला कधीच ओ देत नसत. ते पेनाचं टोपण घालत-काढत राहिले.

"असेल कुणीतरी ग्राहक," ते म्हणाले. "जरा अडाणी दिसतो."

"फॉर्मवर तर तज्ज्ञ आहे म्हणून लिहिलंय. नळ्या साफ केल्यात का, एवढं विचारा त्याला."

"विचारतो," थेंबे म्हणाले, आणि अर्थातच विचारलं नाही.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते कामाला लागले. सीलची परीक्षा घ्यायची त्यांची रीत साधी होती. कागदाची पट्टी सीलखाली धरायची, काच बंद करायची आणि पट्टी ओढून बघायची. सहज निघाली तर सील ढिलं, अडली तर घट्ट. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून त्यांनी छताच्या चारी बाजूंनी बेचाळीस ठिकाणी पट्टी ओढली. बेचाळीसच्या बेचाळीस ठिकाणी पट्टी अडली, दोनदा तर फाटली. थेंब्यांचा ऊर भरून आला. गाडीच्या छतावर पोट टेकून, तोंडात वर्तमानपत्राच्या पट्ट्या धरून हा माणूस हसतो का आहे, हे कुणालाच कळेना.

पण सील जर निर्दोष, तर थेंब येतो कुठून? ते अस्वस्थ होऊन गाडीभोवती फेऱ्या घालत होते, तेवढ्यात आप्पांचा फोन आला. आप्पा स्वतःहून फोन करत नसत, त्यामुळे थेंबे सावरून उभे राहिले.

"जावईबापू, झालं का काही?"

"शोध चाललाय आप्पा."

"शोध काय करायचा. पाण्याची आधी वाट लावा," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

आता आपल्या भाषेत एखाद्याची वाट लावणे याचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक आहे. थेंब्यांनी बाह्या सरसावल्या. सासऱ्यांनी पहिल्यांदाच आपल्या मनातलं बोलून दाखवलं होतं. पाण्याला दयामाया नाही! त्यांनी काच पूर्ण मागे सरकवली, टॉर्च मारून पन्हळीत पाहिलं, आणि चार कोपऱ्यांत चार भोकं दिसली. बाईंची भोकं. ती आहेत हे त्यांना माहीत होतं, जसं पलीकडच्या गल्लीत कोणी राहतं हे आपल्याला माहीत असतं. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्यांचं रक्त तापलं. बेचाळीस ठिकाणी पट्टी न सोडणारं सील वर असताना, खाली छताला भोकं? म्हणजे खालून वाऱ्याबरोबर पाणी वर चढतंय आणि नाव माझं खराब होतंय!

पुढची दोन भोकं झाडाच्या कचऱ्यानं आणि चिखलानं आधीच गच्च बसली होती. अर्धं काम निसर्गानंच केलंय म्हणून थेंब्यांना बरं वाटलं. उरलेलं अर्धं त्यांनी सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळून पुरं केलं, आणि चिखलाचा भरवसा नको म्हणून पुढच्या दोन्हींवरही वरून बोट फिरवलं. काम इतकं सुबक झालं की त्यांनी त्याचा फोटो काढला.

गुरुवारी चाचणी. त्यासाठी इमारतीचा पाइप लागणार होता, आणि पाइपानं गाड्या धुवायला बंदी होती. सेक्रेटरी नियमाचे पक्के.

"पण मला गाडी धुवायची नाहीये," थेंबे म्हणाले. "भिजवायची आहे."

"भिजवणे हे धुण्यातच येतं."

"धुताना घासतात. मी हातही लावणार नाही."

सेक्रेटरींनी नियमांची वही चाळली. पाइप फक्त झाडांना पाणी घालण्यासाठी, असं तिच्यात स्पष्ट होतं. शेवटी समझोता झाला. थेंब्यांनी घरातून एक कुंडी आणून गाडीच्या छतावर काचेशेजारी ठेवली आणि सेक्रेटरींच्या देखत झाडाला पाणी घातलं. अर्धी इमारत गॅलरीत उभी होती. मुख्याध्यापक वरून ओरडून सांगत होते की मनीप्लांटला एवढं पाणी सोसत नाही. पाच मिनिटं झाल्यावर सेक्रेटरींनी नळ बंद केला. थेंबे दार उघडून आत शिरले, सीटवर, गालिच्यावर, छताच्या कापडावर तळहात फिरवला, आणि बाहेर येऊन दोन्ही कोरडे तळहात लोकांना दाखवले. टाळ्याही पडल्या. बायकोनं टाळी वाजवली नाही, पण टॅक्सीवाल्याला नको म्हणून कळवलं.

त्या रात्री सोसाट्याचा पाऊस झाला. रविवारनंतर पहिल्यांदाच थेंबे पाऊस ऐकत गाढ झोपले.

शुक्रवारी निघताना बायकोनं पुढच्या सीटपाशी छत्री ठेवली. थेंब्यांनी ती काढून घरात ठेवली. बायकोनं परत आणली. थेंबे तिसऱ्यांदा हात घालणार, तेवढ्यात आप्पांनी छत्री उचलून घेतली. "राहू द्या. मला आधाराला होईल." रस्ता सपाट होता, गर्दीमुळे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. कुठूनतरी मधूनच 'खळ्ळ' असं ऐकू येत होतं. थेंब्यांनी रेडिओ लावला. दवाखान्यात पोहोचल्यावर त्यांनी आप्पांचं टक्कल नीट निरखून पाहिलं. कोरडं ठणठणीत! त्या माणसाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे याची कुणीतरी त्यांना आठवण करून द्यायला हवी होती.

ऑपरेशन छान झालं. दुपारी आप्पा डोळ्यावर पांढरी पट्टी आणि हातात छत्री घेऊन गाडीत बसले. डॉक्टरांनी दारापर्यंत येऊन पुन्हा बोट नाचवलं.

परतीचा रस्ता मोकळा होता. गाडीनं वेग घेतला, वळण घेतलं आणि डोक्यावर स्पष्ट 'खळ्ळ... खळाळ' झालं. थेंब्यांनी रेडिओकडे हात नेला.

"बंद असू द्या तो," आप्पा म्हणाले.

आता आप्पांचं खात्यातलं काम काय होतं, ते सांगायला हवं. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते सांगायचं. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. आप्पांनी छत्रीचं टोक छताला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि निरोगी डोळाही मिटून घेतला.

"जावईबापू, वर पाणी किती भरलंय?"

"वर? वर काही नाही आप्पा. काल सगळ्यांसमोर—"

"बादलीभर असेल," आप्पा म्हणाले. "गाडी हळूच बाजूला घ्या. दाबून ब्रेक मारू नका."

नेमकी त्याच क्षणी बाजूच्या गल्लीतून एक सायकलवाली बाई सरळ समोर आली. थेंब्यांनी दाबून ब्रेक मारला. पुढचा सगळा प्रकार त्यांनी पुढे अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिला. आधी 'फट्' असा आवाज आला, तो आप्पांनी छत्री उघडल्याचा. मग वरचं कापड पुढच्या बाजूला फुगलं, आणि दोन दिवसांचं साठलेलं पाणी छतातल्या दिव्याच्या फटीतून धो धो खाली आलं. ते छत्रीवर पडलं. छत्री उतरती होती, आणि तिचा उतार थेंब्यांकडे होता.

सायकलवाली बाई निघून गेली. गाडी उभी राहिली. थेंब्यांच्या कानातून, नाकावरून, शर्टाच्या खिशातून पाणी निथळत होतं. मान वळवायचं धैर्य त्यांना होईना. पट्टी भिजली असेल तर? ते खरंच घाबरले होते. सील, कारखाना, नाव, सगळं डोक्यातून निघून गेलं होतं.

"आप्पा," ते कसेबसे म्हणाले, "डोळा?"

"कोरडा आहे," छत्रीखालून आवाज आला.

मागच्या सीटवर बायकोनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते.

"जावईबापू," आप्पा म्हणाले, "पाण्याची वाट लावा म्हटलं होतं मी."

"लावली ना आप्पा! चारही भोकं बुजवली."

आप्पांनी छत्री थोडी वर केली आणि एका डोळ्यानं जावयाकडे पाहिलं. "आमच्या खात्यात," ते म्हणाले, "पाण्याची वाट लावणं म्हणजे त्याला जायला वाट करून देणं. तुम्ही गाडीची लावलीत."

थेंबे निमूटपणे खाली उतरले. बायकोनं केसांतली पिन काढून दिली. काच मागे सरकवून, पुढच्या कोपऱ्यातलं ते सुबक सिलिकॉन त्यांनी पिनेनं उचकटलं, खालचा चिखल टोचटोचून सैल केला. क्षणभर काहीच झालं नाही. मग नळीत 'गुडुक' झालं. आप्पा सीटवरूनच कान देऊन ऐकत होते, डॉक्टरांनी वाकायला मना केलं होतं. "हां," ते म्हणाले. "निघालं." पुढच्या चाकाजवळून गढूळ पाण्याची बारीक धार रस्त्यावर वाहू लागली. एकवीस वर्षांत थेंब्यांनी ही धार पहिल्यांदा पाहिली. वाहणारं पाणी बघून एवढं बरं वाटेल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी टेबलावर हात आपटला असता.

सोमवारी त्यांनी खणातला कागद काढला, आधीचा अभिप्राय खोडला आणि नवा लिहिला: 'सील ठीक. निचरा ठीक. ग्राहकानं नळ्या कधी साफ केल्या नाहीत, वर स्वतःच्या हातानं बुजवल्या. ग्राहकाला मान्य आहे.' सही केली आणि कागद शिपायाकडे न देता स्वतः जिना चढून वर गेले. बाईंनी वाचलं, वरचं नाव वाचलं, खालची सही वाचली.

"थेंबे..." त्या म्हणाल्या आणि हसू दाबायला थांबल्या.

"ओ," थेंबे म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "त्या तुटक रेघेच्या पलीकडे काय असतं, ते एकदा दाखवता का?"

तासाभरानं ते खाली आले तेव्हा टेबलावरचा फोन वाजत होता. पलीकडे आप्पा.

"जावईबापू, उद्या डोळा दाखवायला जायचंय. पोरगी टॅक्सी सांगत होती, मी नको म्हटलं. तुम्हीच या."

थेंब्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा भरून आलं होतं.

"येतो आप्पा," ते म्हणाले. "पण पाऊस दिसतोय."

"असू दे," आप्पा म्हणाले. "छत्र्या दोन आणतो."